जुनी पद्मिनी की नवी पिकअप? गाडी घेण्याआधी हा हिशेब मांडा



गाडीच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, "सर, एखादी विंटेज गाडी घेऊ, चकाचक करू, लग्नात भाड्याने देऊ. प्री-वेडिंग शूटला तर लोक रांगा लावतील. शिवाय जुन्या गाडीची किंमत वाढतच जाते." दुसरा गट म्हणतो, "पिकअप घेऊ, मार्केट यार्डला लावू, काम मिळत राहील."

पहिल्या गटाच्या डोळ्यात चमक असते, दुसऱ्याच्या डोक्यात हप्ता असतो. दोघांकडेही बहुतेक वेळा एक गोष्ट नसते, आणि ती म्हणजे कागदावर मांडलेला हिशेब. व्हिडिओत आकडे पटापट सांगावे लागतात, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच वाचा.

तुलनेसाठी आपल्या ओळखीच्या दोन गाड्या घेऊ. एका बाजूला प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला 'फियाट' म्हणतात ती. दुसऱ्या बाजूला महिंद्रा बोलेरो पिकअपसारखी आजची मालवाहू गाडी.

आधी दोघींची कुंडली

पद्मिनी मुंबईची लेक. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनू लागल्या. त्यातली फियाट ११०० ही गाडी १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, चोक, आणि जुन्या मॉडेलला स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर. पॉवर स्टिअरिंग नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. गाडीचं वजन साधारण ९०० किलो.

पिकअप ही वेगळ्या जातीची गाडी. २.५ लिटरचं डिझेल इंजिन, मॉडेलप्रमाणे साधारण सव्वा ते पावणेदोन टन माल, मागे आठ ते दहा फुटांचा हौदा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यामुळे आजच्या पिकअपमध्ये इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शन, सेन्सर आणि धूर साफ करणारी यंत्रणा आली.

एक तांत्रिक फरक मात्र धंद्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. पिकअपला खाली जाड लोखंडी चासी असते आणि त्यावर केबिन व हौदा बसवलेला असतो. हौद्याचा पत्रा सडला तर हौदा बदलता येतो, चासी शाबूत राहते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे फ्लोअर आणि दाराखालचा पत्रा गंजला, तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचं हाडच खिळखिळं होतं. जुनी पद्मिनी बघायला जाल तेव्हा वरचा चकचकीत रंग बघू नका. गाडी उचलायला लावा, मॅट काढा आणि खालून टॉर्च मारा. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेली बॉडी बांधायला घेतली की पैसा कुठे जातो ते कळत नाही.

पद्मिनीसुद्धा कामाचीच गाडी होती

आज पद्मिनीला आपण हौसेची गाडी म्हणतो, पण ती शोभेसाठी बनलेली नव्हती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने कित्येक दशकं काम केलं. दिवसाला शिफ्टवर शिफ्ट, पावसात, ट्रॅफिकमध्ये, सामान डोक्यावरच्या कॅरिअरवर बांधून. हजारो घरांची चूल या गाडीवर पेटली. तेव्हा तिची किंमत कशावर ठरायची? दिवसाला किती धंदा करते यावर.

मग नव्या गाड्या आल्या, २००० सालाच्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिची मुदतही संपली. रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली, आणि लोकांना तिची आठवण जास्तच यायला लागली.

यातून धंद्याचा पहिला धडा घ्या. गाडी जोवर राबते तोवर ती हत्यार असते. राबणं थांबलं की ती एकतर भंगार होते, नाहीतर ठेवा होते. हत्यार रोज पैसे मिळवून देतं. ठेवा सांभाळायला रोज पैसे लागतात, आणि तो विकाल तेव्हाच काय ते मिळतं. दोन्ही वाईट नाहीत. पण ठेवा विकत घेऊन त्याच्याकडून हत्याराची कमाई मागितली, की घोळ होतो.

कायदा आधी, भाडं नंतर

विंटेज गाडीचा धंदा करायला निघालेल्या बहुतेकांना हा मुद्दा माहीतच नसतो. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. थोडक्यात ती अशी:

१. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त वय झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज वाहन. म्हणजे १९९० ची पद्मिनी कितीही देखणी असली, तरी या नियमात ती बसत नाही.

२. नव्याने विंटेज नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास मालिका मिळते.

३. अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल अशा कामांसाठी. रोजच्या वापरासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी ती रस्त्यावर चालवता येत नाही.

म्हणजे विंटेज नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन नवरदेवाला कार्यालयापर्यंत सोडणं हा धंदा नियमात बसतच नाही.

मग कुणी म्हणेल, "विंटेज नोंदणी करायचीच नाही. १९९० ची पद्मिनी घेऊ, पांढऱ्या पाटीवर चालवू." तेही बघू. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वाहन. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, वर महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. इतकं करून गाडी कायदेशीर झाली तरी ती तुमच्या स्वतःच्या वापरापुरती. परमिट नसताना भाडं घेतलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच.

आणि दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. वरातीत फटाके, गर्दी, लहान मुलं. तिथे काही झालं आणि गाडी भाड्याने दिली होती हे पुढे आलं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग नुकसानभरपाई कोण देणार? तुमचं घर देणार.

"पण सगळेच करतात" हे उत्तर मला देऊ नका. सगळे करतात तोवर चालतं. ज्या दिवशी अडतं, त्या दिवशी एकटेच अडकता.

पिकअपच्या बाजूला कायदा सरळ आहे, कारण ती गाडी धंद्यासाठीच नोंदलेली असते.

- पिवळी पाटी, मालवाहू विमा, फिटनेस, पीयूसी आणि कर. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी.
- गाडीचं स्वतःचं वजन अधिक माल मिळून ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यापुढे लागतं. म्हणून मॉडेल निवडताना शोरूममध्ये विचारायचा पहिला प्रश्न हाच: "एकूण वजन किती पास आहे?"
- हलक्या वाहनाचं साधं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.
- जादा माल भरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. एका फेरीच्या लोभात महिन्याचा नफा जातो.

पिकअपचा हिशेब: महिन्यात किती दिवस?

आता आकडे. इथले भाव मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर, डिझेलचा भाव आणि बँकेचं व्याज टाकून हाच तक्ता पुन्हा भरायचा आहे.

समजा पिकअप रस्त्यावर येईपर्यंत १० लाख लागले. २ लाख तुमचे, ८ लाख कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण १७,००० रुपये.

गाडी हलो न हलो, दर महिन्याचा बांधील खर्च:

- हप्ता: १७,०००
- चालकाचा पगार: १८,०००
- विमा, कर, फिटनेस यांचा महिन्याचा वाटा: ५,०००
- एकूण: ४०,००० रुपये

गाडी धावली तरच होणारा खर्च, दिवसाला ९० किलोमीटर धरून:

- डिझेल: १२ चं ॲव्हरेज, म्हणजे साडेसात लिटर, ९० रुपये भावाने ६७५
- टायर, ऑइल, सर्व्हिसिंग: किलोमीटरला २ रुपये, म्हणजे १८०
- एकूण: दिवसाला ८५५ रुपये

दिवसाचं भाडं ३,००० मिळालं, तर त्यातून ८५५ वजा जाता २,१४५ उरतात. या २,१४५ मधून तुम्हाला महिन्याचे ४०,००० भरून काढायचे आहेत. ४०,००० भागिले २,१४५ म्हणजे जवळपास १९ दिवस.

म्हणजे महिन्यातले पहिले १९ दिवस तुम्ही बँकेसाठी, चालकासाठी आणि कागदांसाठी काम करता. विसाव्या दिवसापासून स्वतःसाठी.

२२ दिवस काम मिळालं तर महिन्याला ७,१९० रुपये उरतात. स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः असाल तर चालकाचे १८,००० धरून २५,१९० घरात येतात. पण त्यातले १८,००० ही तुमची मजुरी आहे, नफा ७,१९० च आहे. हे दोन आकडे वेगळे लिहायची सवय लावा. आणि फक्त १६ दिवस काम मिळालं, तर ५,६८० रुपये खिशातून घालावे लागतात.

आता दोन छोटे बदल करून बघू.

पहिला बदल. शेजारच्या गाडीवाल्याशी स्पर्धा म्हणून तुम्ही भाडं ३,००० वरून २,५०० केलं. फक्त ५०० रुपये. आता दिवसाला १,६४५ उरतात आणि ४०,००० भरायला २५ दिवस लागतात. पाचशे रुपयांची सूट देऊन तुम्ही महिन्याचे सहा दिवस दान केले! भाव पाडून धंदा मिळतो असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त धावपळ वाढते.

दुसरा बदल. रोजच्या ९० किलोमीटरपैकी जाताना ४५ भरलेली गाडी आणि येताना ४५ रिकामी, असं धरलं होतं. येताना डिझेल तर जळतंच. त्या परतीच्या वाटेवर महिन्यात १० वेळा ६०० रुपयांचं रिटर्न भाडं मिळालं, तर ते ६,००० रुपये जवळपास पूर्ण नफ्यात जातात. ७,१९० चा नफा थेट १३,१९० वर जातो. म्हणून भाजी घेऊन शहरात जाणाऱ्याने येताना किराणा, खत, हार्डवेअर किंवा रिकामे क्रेट यांचं गिऱ्हाईक बांधून ठेवावं. पिकअपच्या धंद्यातला खरा नफा परतीच्या वाटेवर असतो.

पद्मिनीचा हिशेब: वर्षात किती बुकिंग?

आता तोच न्याय पद्मिनीला. समजा गाडी ३ लाखांना घेतली, पत्रा, रंग, इंजिन, सीट मिळून २ लाख खर्च केले. एकूण ५ लाख, सगळे स्वतःचे.

दर महिन्याचा खर्च:

- बंदिस्त पार्किंग: २,०००
- विमा आणि इतर कागद: १,०००
- मेकॅनिक, बॅटरी, रबरी पार्ट, पॉलिश: ३,०००
- एकूण ६,०००, म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये

यात एक खर्च दिसत नाही. हेच ५ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते, तर वर्षाला ३५,००० व्याज आलं असतं. ते आता येणार नाही. म्हणजे गाडी नुसती उभी ठेवण्याची वर्षाची किंमत १,०७,००० रुपये.

आता उत्पन्न. भाड्याने रस्त्यावर चालवता येत नाही हे वर पाहिलं. उरतो मार्ग गाडी उभी ठेवून कमावण्याचा: फोटो स्टुडिओत, रिसॉर्टच्या लॉनवर, कार्यालयाच्या दाराशी, शूटिंगच्या सेटवर. गाडी तिथे न्यायची ती टोइंगच्या सपाट ट्रकवर चढवून. आपली पिकअप त्यासाठी चालत नाही बरं का! वजन पेलेल, पण पद्मिनीची लांबी जवळपास १३ फूट आणि हौदा जास्तीत जास्त दहा.

समजा एका बुकिंगचे ६,००० मिळाले आणि ने-आणीला २,५०० गेले. उरले ३,५००. वर्षाचे १,०७,००० भरायला ३१ बुकिंग लागतात. लक्षात घ्या, ३१ बुकिंग झाल्यावर तुम्ही शून्यावर येता. नफा बत्तिसाव्या बुकिंगपासून.

त्यातही आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतात. म्हणजे लग्नाची बुकिंग उरलेल्या सात-आठ महिन्यांत बसवायची. अशक्य नाही. पण मोठ्या शहराजवळ असाल, फोटोग्राफर आणि इव्हेंटवाल्यांशी ओळख असेल तरच. तालुक्याच्या गावी एका हंगामात सगळ्यांचे फोटो त्याच गाडीसोबत झाले, की पुढच्या वर्षी नावीन्य संपतं.

"पण सर, गाडीची किंमत वाढते ना?" वाढू शकते. एकही बुकिंग न मिळता केवळ किंमत वाढून खर्च निघायचा असेल, तर ५ लाखांच्या गाडीची किंमत दरवर्षी २१ टक्क्यांनी वाढायला हवी. तुमच्या कुठल्या ठेवीवर दरवर्षी २१ टक्के मिळतात? आणि वाढलेली किंमत तेव्हाच खरी, जेव्हा कुणीतरी रोख पैसे हातात ठेवून गाडी घेऊन जातं. तोवर तो फक्त आकडा आहे. किराणा दुकानदार आकडा घेऊन साखर देत नाही.

बंद पडली तर?

पद्मिनीचं इंजिन साधं आहे. हुशार मेकॅनिक रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर खोलून, पॉइंट घासून गाडी चालू करतो. अडचण अशी की तो मेकॅनिक आता म्हातारा झालाय आणि त्याच्या हाताखाली शिकणारं पोरगं बाइक दुरुस्तीकडे गेलंय. पार्टसाठी मुंबईत कुर्ला, चोर बाजार असे जुने बाजार पालथे घालावे लागतात. मिळाला तर दोन तासांचं काम, नाही मिळाला तर महिनाभर गाडी उभी.

पिकअपचं उलटं. रस्त्याच्या कडेला सगळं जमत नाही, सेन्सरचा दिवा लागला की स्कॅनर लावावा लागतो, बिलही मोठं येतं. पण पार्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळतो आणि गाडी बहुतेकदा एक-दोन दिवसांत परत कामाला लागते.

धंद्यात दुरुस्तीचं बिल बघताना दोन ओळी लिहायच्या: पार्ट-मजुरी किती, आणि गाडी उभी राहिली ते दिवस किती. पिकअप एक दिवस उभी म्हणजे वरच्या हिशेबात २,१४५ रुपये गेले. नियमित गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे गेलं, तर त्याची किंमत वेगळी. म्हणून चांगल्या ओळखीचा एक पर्यायी पिकअपवाला फोनमध्ये असलाच पाहिजे. तुमची गाडी बंद पडली तर त्याला पाठवा, पण माल वेळेवर पोहोचवा.

कर्ज कशावर काढायचं?

सोपा नियम: जी गाडी दर महिन्याला पैसे आणते, तिच्यावर दर महिन्याचा हप्ता चालतो. जी गाडी कधीतरी पैसे आणते, ती फक्त स्वतःच्या शिलकीतून घ्यायची.

पिकअपला बँका, फायनान्स कंपन्या कर्ज देतात, कारण गाडी हाच तारण आणि तिचा बाजार मोठा. मुद्रा योजनेतही मालवाहू गाडीसाठी कर्जाचा अर्ज करता येतो. जुन्या पद्मिनीसाठी पर्सनल लोन काढणं किंवा घरातलं सोनं ठेवणं म्हणजे हौशीला धंद्याचे कपडे घालणं. हप्ता दर महिन्याच्या ठराविक तारखेला येतो, मुहूर्त बघून येत नाही.

प्राप्तिकरातही लहान मालवाहतूकदाराला सोय आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्याला हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं. जुन्या कायद्यात ही सोय कलम ४४-एई म्हणून ओळखली जायची. आपल्या सीएला याबद्दल जरूर विचारा.

मग पद्मिनी घ्यायचीच नाही का?

घ्या ना! पण क्रम बदला. आणि "विंटेज गाडी लग्नात चालते" या निरीक्षणातला खरा धंदा ओळखा.

एका लग्नाचा दिवस डोळ्यासमोर आणा. सजवलेल्या गाडीतून दोन माणसं जातात. त्याच लग्नात मंडपाचे बांबू आणि कापड येतं, खुर्च्या येतात, साउंड येतो, जनरेटर येतो, केटररची भांडी येतात, रुखवत जातं, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं परत जातं. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पिकअपमधूनच येते. फोटोत ती दिसत नाही, पण भाडं तिला प्रत्येक फेरीला मिळतं. आणि चातुर्मासात लग्नं थांबली तरी भाजी, दूध, सिमेंट आणि गणपतीचं साहित्य थांबत नाही.

म्हणून आधी पिकअप. मंडपवाले, केटरर, डेकोरेटर यांच्याशी संबंध जुळू द्या. कर्ज फिटू द्या. मग त्याच ओळखीतून फोटो स्टुडिओ आणि रिसॉर्टवाले भेटतील, आणि तेव्हा शिलकीतून घेतलेल्या पद्मिनीला बुकिंग शोधत फिरावं लागणार नाही. झालं तर उत्पन्न, नाही झालं तर हौस. पोटाला चिमटा बसणार नाही. मात्र गाडी कुठेही लावण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत वापराचं स्वरूप सांगून लेखी माहिती घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागातल्या पाच पिकअपवाल्यांशी चहा घेत बोला. दिवसाचं भाडं, महिन्यातले कामाचे दिवस आणि रिकाम्या फेऱ्या, हे तीन आकडे विचारा. कमाई विचारू नका, खरी कुणी सांगत नाही. या तीन आकड्यांवरून ती तुम्हीच काढू शकाल.

२. वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. गाडी न हलता होणारा खर्च भागिले एका दिवसाची शिल्लक. उत्तर २० दिवसांच्या वर आलं तर अजून गाडी घेऊ नका. स्वतःचे पैसे जास्त घाला, वापरलेली गाडी बघा किंवा आधी भाव चांगला देणारं गिऱ्हाईक शोधा.

३. गाडी घेण्याआधी गिऱ्हाईक बांधा. महिनाभर दुसऱ्याची पिकअप भाड्याने घेऊन काम करा. आठवड्याला किमान तीन दिवस काम देणारी दोन गिऱ्हाईकं पक्की झाली, की मग शोरूमची पायरी चढा.

४. वापरलेली पिकअप घेत असाल तर फिटनेस, कर, विमा, थकलेले ई-चलन आणि आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलाय का, हे पाचही सरकारच्या परिवहन पोर्टलवर तपासा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही इसार देऊ नका.

५. आणि जुनी गाडी खुणावतच असेल, तर वहीच्या पानावर वर्षाचा सांभाळण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी बुकिंग लिहा. मग जवळच्या पाच फोटोग्राफरना फोन करून विचारा, "वर्षात किती वेळा घ्याल?" त्यांच्या उत्तरांची बेरीज करा, पण निम्मीच धरा.

तक्ता भरून झाला की घरच्यांसमोर ठेवा. हप्ता थकला तर त्याचा भार अख्ख्या घरावर पडतो, म्हणून आकडेही अख्ख्या घराने बघितलेले बरे.

पुढच्या व्हिडिओत वापरलेली मालवाहू गाडी घेताना चासी, इंजिन आणि कागद कसे तपासायचे ते प्रत्यक्ष गाडीसमोर उभं राहून दाखवणार आहे. तोवर वही भरून ठेवा.